तीन सत्त्या

नोव्हेंबरात मेंढरं खाली उतरली की एल्को गावातल्या, दूर देशाहून येऊन वसलेल्या बास्क लोकांच्या खाणावळींना जाग येते. आठ-आठ महिने डोंगरात एकटे राहिलेले मेंढपाळ दाढ्या करून, नवे बूट करकरवत लांब मेजावर दाटीवाटीनं बसतात. लसणाचं सूप, मग घेवड्याची उसळ, मग कोकराचं मटण, आणि मधे लाल वाइनचे चंबू हातोहात फिरतात. ग्राशी या मेजाची अन्नपूर्णा. चौतिसाव्या वर्षीही तिची चाल लगबगीची होती, हसू मात्र जरा जपून वापरलेलं. खाणावळ लेओनीआत्याची, पण चूल ग्राशीची.

त्या रविवारी जेवण उरकलं तेव्हा तिच्या मनात एकच घोर होता. एरामूननं लग्नाचं विचारलं होतं, आणि उत्तर आजच द्यायचं होतं. उद्या उजाडता तो कळप घेऊन दक्षिणेच्या वाळवंटात हिवाळा काढायला निघणार, तो वसंतातच परतायचा.

एरामून चाळिशीपुढचा, बुटका, रुंद खांद्यांचा. बोलणं कमी, पण चेहरा असा, की त्यावरून ढग चालले तरी सावली पडलेली दिसावी. गेले तीन आठवडे रोज रात्री जेवणानंतर मुसच्या डावात तो ग्राशीचा जोडीदार होता. मुस म्हणजे त्यांच्या मायदेशचा पत्त्यांचा खेळ. चार पानांचा, दोघं विरुद्ध दोघं. त्यात जोडीदाराला तोंडानं खुणा करायची मुभा असते. खालचा ओठ चावला म्हणजे हातात दोन राजे. तोंड एका अंगाला वाकडं केलं म्हणजे एकसारखी तीन पानं. भुवया उंचावल्या म्हणजे दोन जोड्या, आणि डोळे मिटले म्हणजे हातात माती. खूण समोरच्यांची नजर चुकवून करायची. पकडली गेली तर ज्याचं त्याचं नशीब, पण खोटी खूण करायची नाही. खोटी खूण करणाऱ्याबरोबर पुन्हा कुणी बसत नाही, मग तो सख्खा भाऊ का असेना.

एरामूननं ग्राशीला एकदाही खोटी खूण केली नव्हती. तिनं मनातल्या मनात जवळजवळ हो म्हणून टाकलं होतं, ते याच भरवशावर.

आणि मग मागच्या सोमवारी विल्मा जेवायला आली. विल्मा स्टेशनासमोरच्या कॅसिनोत पोकरच्या मेजावर पत्ते वाटायची. सोमवारी तिला सुट्टी, म्हणून मटणाच्या रश्श्यात पाव बुडवत ती ग्राशीशी गप्पा मारायची. पोकरमध्ये कुठला हात कुठल्यावर चढतो हे तिनंच ग्राशीला चुलीपाशी बसून शिकवलं होतं.

"तुमचा तो एरामून ना," विल्मा हसत म्हणाली, "पहिल्या रविवारी राजा आणि तिर्री दाखवून म्हणतो, ही जोडी! म्हटलं, बाबा रे, तुमच्यात तिर्रीला राजाचा मान असेल, इथं तिर्री ती तिर्रीच. अख्खं मेज हसलं. पण गडी नेमानं येतो हं. दर रविवारी."

ग्राशीच्या मनात पाल चुकचुकली. दर रविवारी जेवण झालं की एरामून टोपी उचलून म्हणायचा, "जरा पाय मोकळे करून येतो." एवढंच. कॅसिनोचं अवाक्षर नाही.

आत्यानं ऐकलं, तिला तर निमित्तच हवं होतं. "कुठंतरी पाणी मुरतंय गं बये. पाय मोकळे करतोय म्हणे! हात मोकळे करत असेल. तू पुरणार नाहीस त्याला, ही खाणावळसुद्धा पुरायची नाही."

"आत्या, तुला सगळेच चोर दिसतात."

"आणि तुला सगळेच साधू. जा ना, स्वतः बघून ये."

आज जेवण झाल्यावर एका म्हाताऱ्या मेंढपाळानं रिवाजाप्रमाणे उठून, चंबू उंचावून जागच्या जागी पद रचून म्हटलं,

मेंढरं उतरली गं, डोंगर झाला रिता,
कुणाच्या खिशात घर, कुणाच्या खिशात पत्ता.

सगळे मेज बडवून हसले. एरामूनही हसला. मग त्यानं टोपी उचलली. "जरा पाय मोकळे करून येतो. आलो की बोलू, ग्राशी."

तो कोपऱ्यावरून वळला तशी ग्राशीनं अॅप्रन सोडला, कोट चढवला आणि ती मागोमाग निघाली. आत्या दारात उभी होती. तिनं फक्त हनुवटी वर केली.

कॅसिनोत दुपार असूनही दिवे लागलेले होते. यंत्रांचा खुळखुळाट, सिगारेटचा निळा धूर, गालिच्याला बिअरचा शिळा वास. पोकरचं मेज एका बाजूला, पितळी कठड्याआड. बघणाऱ्यांनी कठड्याबाहेर उभं राहायचं आणि तोंड मिटून ठेवायचं, कारण हात ज्याचा, निवाडा त्याचा. ग्राशी खांबाच्या आडोशाला उभी राहिली. तिथून दोन चेहरे नीट दिसत होते. एक एरामूनचा. दुसरा त्याच्या समोरचा, करड्या टोपीतला, स्वच्छ नखांचा माणूस. विल्माच्या बोलण्यात त्याचं नाव आलं होतं, फ्रँक. महिन्याभरापूर्वी रेनो शहराहून आलेला, बोलायला गोड, बक्षिशी द्यायला सढळ. तिसरा गडी रेल्वेतला, जाड मिशांचा. बाकीचे दोघं-तिघं येऊन-जाऊन होते.

पाच पानांचा डाव होता. पानं मिळाली की नको ती एकदा बदलून घ्यायची, आणि मग बोली. विल्माची बोटं पानं अशी सोडत होती जशी कोंबड्यांपुढं दाणे टाकावेत.

एरामूननं पानं उचलली, आणि खालचा ओठ हळूच चावला.

ग्राशी खांबाआडून पुढं झुकली. दोन राजे! ही खूण कुणासाठी? इथं जोडीदार नसतो. ज्याचा त्याचा हात, ज्याचं त्याचं नशीब. तिनं फ्रँककडे पाहिलं. फ्रँकची नजर पानांवर नव्हतीच. ती एरामूनच्या ओठावर होती. दुसऱ्या क्षणी त्यानं आपली पानं पालथी सारली. "मी नाही या डावात."

बाकीचेही एकेक डावातून सुटले. एरामूननं लहानशी रास ओढली. त्यानं पानं उलथून दाखवली, दोन राजेच होते.

पुढच्या डावात एरामूननं पानं बघून डोळे मिटले, जरा जास्तच वेळ. डुलकी लागल्यासारखे. लगेच फ्रँकनं बोली चढवली. एरामूननं पानं टाकली.

"काय रे मेंढपाळा," रेल्वेवाला म्हणाला, "झोपायला आलास होय इथं? मगाशी ओठ चावत होतास. दाढ दुखते का?"

"नाही हो. दाढ बरी आहे."

"मग बायको हवी आहे तुला. रात्री नीट झोप लागेल."

"विचारलंय एकीला," एरामून म्हणाला. मेज हसलं. ग्राशी हसली नाही. तिच्या कानाची पाळी तापली, पण काळीज थंडच होतं.

खूण गेली की फ्रँक हलतो. ओठ चावला की सुटतो, डोळे मिटले की चढवतो. एकदा झालं तर योगायोग, पण पुन्हा झालं, आणि पुन्हा. ग्राशीला वाटलं, आपल्याला दुसरं काही कळो न कळो, हे कळतं. हे दोघं एकमेकांचे आहेत. एरामूननं याला मुसच्या खुणा शिकवल्या असणार. दोघं मिळून बाकीच्यांना लुटतात आणि मागाहून वाटून घेतात. पाय मोकळे करायला जातो म्हणे! रोज रात्री ज्या तोंडानं आपल्याला खूण करतो, त्याच तोंडानं... तिला आपल्याच चेहऱ्याची किळस आली, कारण त्या खुणांना तिनं रोज उत्तर दिलं होतं. तीन आठवडे ती ज्याला खरेपणा समजत होती तो सराव होता की काय?

परत फिरावं, आत्याला सांगावं, तुझंच खरं. पण पाय निघेनात. संशयाची एक खोड असते, तो पुरावा मिळाला की अजून एक मागतो.

पुढचा डाव वाटला गेला. एरामूननं तीन पानं ठेवली, दोन बदलली. नवी पानं बघितली, चेहऱ्यावर काही नवं आलं नाही. आणि मग त्याचं तोंड सावकाश डाव्या अंगाला वाकडं झालं.

एकसारखी तीन.

"आली बघा दाढ," रेल्वेवाला पुटपुटला आणि पानं टाकून मोकळा झाला. बाकीचेही सुटले. उरले दोघं.

आता फ्रँक सुटणार, ग्राशीनं मनाशी म्हटलं. पण फ्रँक सुटला नाही. त्यानं एरामूनच्या वाकड्या तोंडाकडे पाहिलं, स्वतःची पानं जुळवली आणि नाण्यांची चांगली उंच चळत पुढं ढकलली. मग मान किंचित खाली घालून, टोपीच्या कडेखालून, फक्त एरामूनला दिसतील अशा दोन्ही भुवया उंचावल्या.

दोन जोड्या.

ग्राशीनं कठडा घट्ट धरला. मुसची खूण, आणि ती समोरच्याला? अशी खूण तिनं जन्मात पाहिली नव्हती. एरामूनचा चेहरा आश्चर्यानं उघडला. दूर देशी अचानक आपल्या गावचं कुणी भेटावं, तसा.

आणि त्या उघड्या चेहऱ्यात ग्राशीला सगळं दिसलं. एरामूनला ठाऊकच नव्हतं! समोरच्याला खुणा कळतात हे त्याला आत्ता कळत होतं. तो इतका वेळ कुणालाच खूण करत नव्हता. पानं हातात आली की तोंड आपसूक वळत होतं, आणि फ्रँक ते पुस्तकासारखं वाचत होता. तो जोडीदार नव्हता, शिकारी होता. त्याला मुस येत होता. आणि मुस येत असल्यानंच त्याला आणखी एक गोष्ट ठाऊक होती, की मुसमध्ये दोन जोड्या एकसारख्या तिनावर चढतात.

इथं उलटं असतं. इथं तीन मोठी, आणि राजा-तिर्रीची जोडी दाखवणाऱ्या एरामूनला ते ठाऊक नसणार.

फ्रँक खोटं बोलत नव्हता. खरी खूण करून तो एरामूनकडून जिंकणारा हात टाकून घेत होता.

एरामून पानांकडे बघत राहिला. मग त्यानं मान वर केली, आणि सवयीनं जोडीदाराला शोधावं तशी त्याची नजर कठड्यावर फिरली. ग्राशी त्याला दिसली. त्याला नवल वाटलं नाही, राग आला नाही, उलट चेहरा निवला. त्यानं डोळ्यांनीच विचारलं. मुसच्या मेजावर रोज विचारायचा तसंच, टाकू की लढू?

नुसती मान हलवायची होती. एवढंसं.

विल्मानंही ती नजर टिपली. तिची बोटं गड्डीवर थांबली. बघणाऱ्यानं काही सुचवायचं नाही, हा नियम ग्राशीला माहीत होता. पण नियम नसता तरी? पाल अजून गप्प झाली नव्हती. हरल्यावर हा कसा वागतो, शिव्या देतो का, खिसा उलटा करतो का, पुन्हा पुन्हा बसतो का, हे तिला बघायचं होतं. इतकं पाहिलं, आता शेवटचं तेवढं.

ग्राशीनं नजर खाली घातली.

एरामूननं पानं टाकली. टाकताना उलथून दाखवली, भल्या माणसासारखी. तीन सत्त्या. "माझ्याकडे तीन होत्या. तुमच्या दोन जोड्या. चांगलं खेळलात."

फ्रँकनं हसून आपली पानं उघडली. राजे आणि गुलाम.

रेल्वेवाला इतका हसला की त्याला ठसका लागला. "अरे देवा! मेंढपाळा, तीन सत्त्या या दोन जोड्यांना खातात! जिंकलेला डाव टाकलास तू!"

"खातात?" एरामूननं विल्माकडे पाहिलं.

"खातात," विल्मा म्हणाली. तिचा आवाज जरा जड झाला होता. "पण टाकलेली पानं मेली. आता काही करता येत नाही."

एरामूननं शिवी दिली नाही. पुन्हा बसलाही नाही. उरलेली नाणी खिशात टाकली, खुर्ची जागेवर सरकवली, मेजाला मान लववली आणि तो कठड्यापाशी आला. त्यानं तोंड उघडायच्या आधीच तिला त्याचा प्रश्न दिसला होता.

"तुला माहीत होतं?"

"बाहेर चल," ग्राशी म्हणाली.

रस्त्यापलीकडे, रुळांच्या काठाला एक बाक होता. ऊन पांढुरकं पडलं होतं. दोघं बसले, मधे एका माणसाची जागा सोडून.

"माहीत होतं," ग्राशी म्हणाली. "विल्मानं शिकवलंय."

"मी बघितलं तुझ्याकडे."

"हो."

"आणि तू जमिनीकडे बघितलंस."

"तू मला कुठं सांगितलंस इथं येतोस म्हणून? पाय मोकळे करतोय म्हणे! काय समजायचं मी? मला वाटलं तो तुझा साथीदार आहे. तू ओठ चावायचास आणि तो सुटायचा."

"मी ओठ चावत होतो?"

"आणि डोळे मिटत होतास. आणि तोंड वाकडं."

एरामूननं हात तोंडाशी नेला, जणू ते अजून वाकडं आहे का हे चाचपत. "आठ महिने मला एक माणूस दिसत नाही, ग्राशी. कुत्रं आणि मेंढरं. खाणावळीत माणसं आहेत, पण ती ताटात बघतात. इथं पाच-सहा जण एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसतात. मला ते बरं वाटायचं. सांगायची लाज वाटली. म्हातारे हसले असते."

"मी हसले नसते."

"तू संशय घेतलास."

मालगाडी येऊन शिट्टी घालून गेली, तोवर दोघं तशीच बसली.

"सांग मला," तो एकदम म्हणाला. "सगळं, खालपासून वर."

ग्राशी बोटांवर मोजू लागली. "काहीच जुळलं नाही तर सगळ्यात मोठं पान. त्यावर एक जोडी. तिच्यावर दोन जोड्या. त्यांच्यावर एकसारखी तीन."

"कशावरून?"

"कशावरून म्हणजे? नियमच आहे."

"नियम कुणीही सांगेल. का तसा?"

"जे दुर्मीळ ते मोठं. दोन जोड्या बऱ्याचदा येतात, एकसारखी तीन क्वचित."

"चार रविवारात आज पहिल्यांदा आली मला," तो विचार करत म्हणाला. "पुढं?"

"ओळीनं पाच, पाच-सहा-सात-आठ-नऊ अशी. त्यावर एकाच रंगाची पाच, म्हणजे सगळी बदाम नाहीतर सगळी किलवर. त्यावर तीन आणि दोन, फुल हाउस. मग एकसारखी चार. आणि सगळ्यांवर, एकाच रंगाची ओळीनं पाच."

"रंग ओळीच्या वर? नक्की?"

"नक्की."

"आणि फुल हाउस रंगाच्याही वर?"

"म्हटलं ना!"

"आत्तापर्यंत मला वाटत होतं मला सगळं नक्की माहीत आहे." तो उठला. "बस इथं. मी विल्माला विचारून येतो."

ग्राशीला गालावर चापट बसल्यासारखं झालं. "माझ्यावर विश्वास नाही?"

त्यानं टोपी डोक्यावर ठेवली. "तू मला पारखायला आलीस ना? मग मलाही पारखून येऊ दे."

तो रस्ता ओलांडून गेला. ग्राशी बाकावर एकटी राहिली. तो परत मेजावर बसला तर? त्या करड्या टोपीवाल्याशी हिशेब चुकता करायला गेला असेल तर? की मागल्या दारानं निघून जाईल? वेळ सरता सरेना. थंडी कोटाच्या बाहीतून आत शिरत होती. संशय घेणं सोपं, तिला वाटलं, पण कुणीतरी आपला खरेपणा दुसऱ्याला विचारायला गेलेलं असताना इथं बसून राहणं... मघाशी आपण खांबाआड उभ्या होतो, तेव्हा तो असाच उघडा बसला होता. फक्त त्याला ते माहीत नव्हतं.

एरामून परत आला. धावत नाही, रमतगमतही नाही. या वेळी तो मधली जागा सोडून बसला नाही, पण टेकूनही बसला नाही.

"तू सांगितलंस तसंच आहे. एकही पायरी चुकली नाही." त्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली. "विल्मा म्हणाली, त्या फ्रँकची आई रेनोत एका बास्क खाणावळीत कपडे धुवायची. तिथंच मोठा झाला तो. कुणी त्याला मेजावर घेतलं नसणार. नुसतं बघून शिकला असेल."

"त्याची कीव येते तुला?"

"थोडी. राग जास्त."

ग्राशीनं श्वास घेतला. "माझं उत्तर हो आहे, एरामून. तू विचारलं होतंस त्याचं."

त्याचा चेहरा आतून उजळायला निघाला. तिला ते स्पष्ट दिसलं. आणि तितकंच स्पष्ट हेही, की मधेच कुठंतरी तो उजेड थांबला.

"मी विचारलं तेव्हा मला वाटत होतं," तो सावकाश म्हणाला, "की मी चांगली पानं टाकायला निघालो तर ही बाई मला अडवेल. निदान खाकरेल तरी."

"चुकले मी."

"चूक नाही म्हणत मी. तुझ्या जागी मीही कदाचित... पण आता मला माहीत नाही, ग्राशी. सकाळी माहीत होतं."

"मग?"

"एप्रिलात कोकरं जन्मतात तेव्हा आमचा तळ टेकड्यांखाली पडतो. ट्रक येतो तिथवर. तू ये. दोन दिवस राहा. तिथं पत्ते नाहीत, खांब नाही. मी कसा वागतो ते बघ, कुत्र्याशी, मेंढरांशी, उपाशी असताना. मीही बघेन तुला. मग मी पुन्हा विचारेन. विचारलं तर."

"विचारलं तर?"

"विचारलं तर."

ती त्याच्यावर चिडू शकली असती. क्षणभर चिडलीही. "आत्या एकटीला येऊ द्यायची नाही."

"मग आत्याला घेऊन ये."

"ती तुझी मेंढरं मोजून म्हणेल, यातली अर्धी चोरीची आहेत."

एरामून पहिल्यांदा हसला, नाकातल्या नाकात. "मोजू दे."

खाणावळीच्या बाजूनं रात्रीच्या रश्श्याचा, तळलेल्या लसणाचा वास येऊ लागला होता. चूल आत्यानं पेटवली असणार, म्हणजे मीठ हमखास जास्त पडणार. ग्राशी उठली, कोटाची बटणं लावली.

"एप्रिलात कुठल्या आठवड्यात?" तिनं विचारलं.

"बर्फ कसं वितळतं त्यावर. मी निरोप पाठवेन."

"पाठवशील ना?"

त्यानं टोपी डोक्यावर चढवली. तिनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं, ओठाकडे, भुवयांकडे. पहिल्यांदाच तिथं तिला काही वाचता आलं नाही. तरी ती म्हणाली, "येईन मी," आणि उत्तराची वाट न पाहता चुलीच्या दिशेनं चालू लागली.